अवकाशातले शेत आणि कुजण्याचा हिशेब

जेरार्ड ओ'नील यांचे 'द हाय फ्रंटियर' हे पुस्तक १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ज्यांनी हे पुस्तक हातात घेतलेले नाही, त्यांनीही त्यातली कल्पना चित्रांतून बहुधा पाहिलेली असते. एक प्रचंड नळकांडे स्वतःभोवती फिरते आहे. त्याच्या आतल्या भिंतीलाच जमीन मानून माणसे राहत आहेत. डोक्यावर आकाशाच्या जागी समोरच्या बाजूची घरे आणि झाडे उलटी दिसत आहेत. 'नासा'च्या एम्स संशोधन केंद्रासाठी डॉन डेव्हिस आणि रिक गिडिस या चित्रकारांनी सत्तरच्या दशकात अशी अनेक चित्रे काढली आणि विज्ञान प्रदर्शनांच्या तक्त्यांवर ती आजही दिसतात. मे २०१९ मध्ये जेफ बेझोस या उद्योगपतींनी ओ'नील यांचे नाव घेऊन हीच कल्पना नव्या चित्रांसह लोकांपुढे ठेवली. पुस्तक जुने झाले, चित्र मात्र जुने झालेले नाही.

वर्गात हे चित्र दाखवले की मुले गुरुत्वाकर्षणाबद्दल विचारतात, आणि ते समजावून सांगता येते. दोरीला बांधलेली बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, एवढ्या उदाहरणावर काम भागते. दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा : तिथे खायचे काय? या प्रश्नापुरतेच हे पुस्तक आणि त्याच्या पाठोपाठ आलेला 'नासा'चा अहवाल आम्ही वाचायला घेतला. या दोहोंचे सर्वांगीण परीक्षण करण्याचा विचार नाही. रॉकेटचा खर्च, चंद्रावरून खडी फेकणारे यंत्र, सूर्यऊर्जेचे उपग्रह हे सारे बाजूला ठेवून आम्ही फक्त शेताच्या बांधावर उभे राहणार आहोत.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ओ'नील हे प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९६९ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक प्रश्न टाकला : वाढत्या तंत्रसंस्कृतीला ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? त्या चर्चेतून सप्टेंबर १९७४ मध्ये 'फिजिक्स टुडे' या मासिकात त्यांचा लेख आला. १९७५ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि एम्स केंद्र यांनी मिळून दहा आठवड्यांचे अभ्याससत्र भरवले आणि त्याचा अहवाल 'नासा'ने १९७७ मध्ये छापला. पुस्तकातली मोठी वसाहत म्हणजे ३२ किलोमीटर लांब आणि ६.४ किलोमीटर व्यासाचे नळकांडे. अहवालातली वसाहत त्या मानाने आटोपशीर आहे. सायकलच्या ट्यूबसारखी एक कडी, तिचा बाहेरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, नळीची जाडी १३० मीटर, मिनिटाला एक फेरा आणि वस्ती दहा हजारांची.

आधी चांगले काय ते सांगू, कारण ते पुष्कळ आहे. ओ'नील यांनी शेत आणि घर वेगळे केले. राहण्याची जागा देखणी, शेतीची नळकांडी मात्र केवळ कामाची. प्रत्येक पिकाला हवे तसे हवामान देता यावे म्हणून त्यांचे अनेक स्वतंत्र कप्पे. एका कप्प्यात जून तर दुसऱ्यात नोव्हेंबर, म्हणजे वर्षभर ताजी भाजी. आरसे वळवले की दिवस हवा तेवढा लांब. ढग नाहीत, गारपीट नाही, पावसाची वाट पाहणे नाही. कप्पे वेगळे ठेवल्यामुळे एका शेतात रोग शिरला तरी सगळे शेत बुडत नाही. हा विचार फार शहाणपणाचा होता, हे पुढे अनुभवाने दिसले.

अहवालात तर आकडे आहेत, आणि शिक्षकाला आकडे असलेला मजकूर नेहमीच अधिक उपयोगी. माणशी ४४ चौरस मीटर पिकांखाली, जनावरांसाठी ५, धान्य वाळवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे यांसाठी १२, असे एकूण ६१ चौरस मीटर. पिकांच्या यादीत गहू, तांदूळ, मका, सोयाबीन आणि भाजीपाला यांच्या जोडीला चक्क ज्वारी आहे. सोबत १,५०० गुरे, ६२,००० कोंबड्या, २८,००० ससे आणि २,६०,००० मासे. सशांची ही संख्या वाचून मुले हसतात. हसू द्यावे. पण मांस हवेच म्हटल्यावर कमी चाऱ्यात लवकर वाढणारे जनावर निवडणे यात चूक काही नाही.

आता हे ४४ चौरस मीटर आपल्या मापात आणू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे माणशी अर्धा गुंठाही नाही! आपल्याकडच्या कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न हेक्टरी एक टनाच्या आसपास धरले आणि दिवसाला २,४०० किलोकॅलरी केवळ ज्वारीतून मिळवायच्या ठरवल्या, तर माणसाला वर्षाला अडीच क्विंटलांहून थोडी जास्त ज्वारी लागेल आणि त्यासाठी पंचवीस गुंठे जमीन. कुठे पंचवीस गुंठे आणि कुठे अर्धा! इथे वाचकाला वाटते की अहवाल लिहिणाऱ्यांनी शेत कधी पाहिलेच नसावे. या अहवालावर अशी टीका अनेकदा होते. आम्हांला ती अन्यायाची वाटते.

कारण यूटा राज्य विद्यापीठातील ब्रूस बगबी आणि फ्रँक सॉल्सबरी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आपल्यापुढे आहेत. त्यांनी बंद खोलीत गव्हाला पाणी, खतद्रव्ये आणि कार्बन डायऑक्साइड यांतले काहीही कमी पडू दिले नाही, आणि दिव्यांचा प्रकाश भर उन्हाळ्यातल्या दिवसभराच्या उन्हाच्या दुपटीहून अधिक दिला. तेव्हा दर चौरस मीटरला दररोज ६० ग्रॅम गव्हाचे दाणे, असा दर त्यांना मिळाला. या दराने एका माणसाची ७०० ग्रॅमची रोजची गरज बारा चौरस मीटरांत भागते. तेव्हा ४४ चौरस मीटर हा आकडा बेफाम नाही, उलट सावध आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या परिसरात दर चौरस मीटरवर १,३६० वॅटच्या आसपास ऊन पडते आणि मध्ये हवा नाही. ऊन तिथे खरोखरच मुबलक आहे. क्षेत्रफळाचे गणित बरोबर आहे.

मग आमची तक्रार कशाबद्दल? तक्रार अशी की पुस्तकाने शेतीचा हिशेब पेरणीपासून कापणीपर्यंत मांडला आणि तिथेच वही मिटली. ऊन किती, जागा किती, दाणे किती, एवढेच त्यात ठळकपणे येते. कापणीनंतर जे शिल्लक राहते, त्याला ओ'नील यांच्या पुस्तकात ओझरती जागा आहे. त्या देखण्या वसाहतीत उकिरडा दिसत नाही.

बगबी आणि सॉल्सबरी यांच्याच प्रयोगाकडे पुन्हा पाहा. ६० ग्रॅम दाण्यांबरोबर एकूण कोरडा जीवभार तयार झाला १३८ ग्रॅम. म्हणजे ७८ ग्रॅम काड, पाने, मुळे. माणसाला ७०० ग्रॅम गहू देताना ९१० ग्रॅम असा माल तयार होतो, जो तो खाऊ शकत नाही. दहा हजार वस्तीला रोज सुमारे नऊ टन. आपल्याकडे कडबा गुरांपुढे जातो, धसकटे रानात कुजतात, आणि हे इतके आपोआप होते की आपण त्याला काम म्हणतच नाही. बंद डब्यात मात्र यातले काहीच आपोआप होत नाही, आणि काडाचा प्रश्न नुसता जागेचाही नाही. तो हवेचा आहे.

इथे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका परिचित आकृतीकडे वळावे लागेल. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला माणूस, मध्ये दोन बाण. झाड ऑक्सिजन देते, माणूस कार्बन डायऑक्साइड देतो. आकृती खोटी नाही, पण अर्धी आहे. झाड जेवढा पदार्थ स्वतःच्या अंगात साठवते, त्या प्रमाणात ऑक्सिजन बाहेर सुटतो. पिष्टमय पदार्थांचे समीकरण मांडले तर ३० ग्रॅम पदार्थामागे ३२ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे ढोबळमानाने किलोला किलो. दाणे आपण खातो तेव्हा ते शरीरात 'जाळण्यासाठी' जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन लागतो. दाण्यांपुरता हिशेब तिथल्या तिथे फिटला. काडासोबत सुटलेला ऑक्सिजन मात्र वरकड दिसतो. तो वरकड नाही, उसना आहे. काड कुजले किंवा जाळले की तो परत द्यावा लागतो. आणि काड कुजलेच नाही तर? तर त्यात अडकलेला कार्बन हवेत परत येत नाही, आणि पुढच्या पिकाला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही.

हे किती लवकर होईल? अहवालातल्या कडीवर आम्ही हे गणित करून पाहिले. वाचकांनीही दहावीच्या वर्गात करून पाहण्यासारखे आहे. नळीची त्रिज्या ६५ मीटर, कडीची मध्यत्रिज्या सुमारे ८३० मीटर, म्हणजे आतले आकारमान सुमारे सात कोटी घनमीटर. सगळ्या आकारमानात हवाच आहे असे धरले, आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड आपल्या बाहेरच्या हवेइतकाच ठेवला, तर त्या साऱ्या हवेत कार्बन भरतो साधारण साडेचौदा टन. नऊ टन काडात रोज अडकतो सुमारे चार टन. भागाकार मुलांनाच करू द्यावा. साडेतीन-पावणेचार दिवस! कार्बन डायऑक्साइड दहापट ठेवला तरी सुमारे पाच आठवडे. पृथ्वीची गोष्ट वेगळी. इथल्या वातावरणात सुमारे ९०० अब्ज टन कार्बन आहे आणि जमिनीवरच्या साऱ्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन ओढून घेतात. म्हणजे काही सात-साडेसात वर्षांची शिल्लक गाठीशी आहे, आणि शिवाय समुद्र आहे. आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला दहा टन हवा आहे. निष्काळजीपणा परवडावा इतकी ही श्रीमंती आहे आणि ती आपण जन्मतःच घेऊन आलो म्हणून दिसत नाही.

अहवालाने याकडे दुर्लक्ष केले, असे आम्ही म्हणणार नाही. इथे अहवाल पुस्तकापेक्षा निश्चित सरस आहे. सांडपाणी आणि टाकाऊ पदार्थ बंद भांड्यात, मोठ्या दाबाखाली आणि २६० अंश सेल्सियस तापमानाला पाण्यातच जाळून टाकण्याची प्रक्रिया त्यात सुचवलेली आहे. जे जिवाणू महिनोन्‌महिने करतात ते दीड तासात. पिकांनी हवेत सोडलेली वाफ थंड करून पिण्याचे पाणी मिळवण्याची योजनाही आहे. पण हे परिच्छेद यंत्रांच्या यादीसारखे आहेत. त्यांचा अर्थ काय, हे वाचकाला सांगितलेले नाही. अर्थ असा की या शेताची सुपीकता एका भट्टीवर उभी आहे. भट्टी चार दिवस बंद पडली तर पीक उपाशी राहू लागेल. शिवाय ही वसाहत नायट्रोजनाची बचत व्हावी म्हणून हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे निम्माच ठेवते. खर्चाच्या दृष्टीने योग्य निर्णय, पण तेवढीच शिल्लकही कमी.

ही भट्टी नको असेल तर दुसरा रस्ता मातीचा. जिवंत माती घ्या, शेण-काड तिच्यात कुजू द्या. हा रस्ता प्रत्यक्ष चालून पाहिलेला आहे, आणि त्याची हकिगत पुस्तकाच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 'बायोस्फिअर-२' नावाची काचेची प्रचंड इमारत उभारली गेली. क्षेत्रफळ १.२७ हेक्टर. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दार बंद झाले. दोन वर्षे त्यांनी आतच राहायचे होते. शेतासाठी सुमारे २,००० चौरस मीटर जागा होती, म्हणजे माणशी अडीच गुंठे. अहवालाच्या जवळजवळ सहापट! रताळी, बीट, केळी, पपई, भुईमूग, भात, गहू, ज्वारी, वाल अशी पिके होती. तरीही पोटभर अन्न मिळाले नाही. दोन वर्षांच्या गरजेच्या चार-पंचमांशाहून थोडे अधिक अन्न पिकले आणि सगळ्यांची वजने उतरली. काचेतून आणि लोखंडी सांगाड्यातून ऊन पुरेसे येत नव्हते, त्यात ती वर्षे नेहमीपेक्षा ढगाळ निघाली. बटाट्यांवर कोळी पडले. परागीभवन करणारे कीटक मेले, झुरळे आणि मुंग्या मात्र फोफावल्या. आत राहिलेल्या जेन पॉइंटर यांनी पुढे सांगितले की एक पिझ्झा करायला त्यांना चार महिने लागत. गहू पेरण्यापासून सुरुवात करायची ना!

पण खरा धक्का हवेने दिला. आत गेल्यापासून ऑक्सिजन हळूहळू कमी होऊ लागला. २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत तो साडेचौदा टक्क्यांच्या जवळ आला. सुमारे चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहावे, तशी ही स्थिती. माणसांना धाप लागू लागली, झोप लागेना. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण काय? पिके जोमाने वाढावीत म्हणून माती सेंद्रिय पदार्थांनी मुद्दाम समृद्ध केलेली होती. त्या मातीतले जिवाणू श्वास घेत होते, आणि पिकांच्या प्रकाशसंश्लेषणापेक्षा त्यांचा श्वास जड झाला. मग तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता. तो तितका वाढला नाही, म्हणून कोडे पडले. जेफ सेव्हरिंगहाउस, वॉलेस ब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. इमारतीच्या उघड्या काँक्रीटमधला चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेत होता आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होत होते. त्या कार्बनसोबत ऑक्सिजनही भिंतीत जाऊन बसला.

त्या आकृतीत झाड होते, माणूस होता. जिवाणू नव्हता आणि भिंत तर नव्हतीच.

'बायोस्फिअर-२' फसले, असे बातम्यांनी तेव्हा सांगितले. शिक्षकांनी तसे सांगू नये, असे आम्हांला वाटते. आठ माणसे दोन वर्षे मुख्यतः आत पिकलेल्या अन्नावर जगली, ही लहान गोष्ट नव्हे. आणि 'हवा का बिघडली' याचे इतके स्वच्छ उत्तर देणारा प्रयोग शोधून सापडणार नाही.

त्याच्याही आधी सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्क येथे 'बायोस-३' नावाच्या बंद खोल्यांत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हेच प्रश्न हाताळले होते. १९७२-७३ मध्ये तीन-तीन माणसांची पथके १८० दिवस आत राहिली. झेनॉनचे दिवे, आखूड काडाचा मुद्दाम तयार केलेला गहू, तेलासाठी लव्हाळ्याच्या जातीचे एक कंद. गव्हाचे काड आखूड का केले, हे आता सांगायची गरज उरलेली नाही. हवा जवळजवळ पूर्ण आतच फिरवली गेली, मांस मात्र बाहेरून गेले. बीजिंगच्या बेइहांग विद्यापीठाने 'लूनर पॅलेस-१' मध्ये २०१७-१८ साली आठ स्वयंसेवकांना आळीपाळीने ठेवून ३७० दिवसांचा प्रयोग केला. तिथे पिकांच्या टाकाऊ भागांवर पिठातल्या अळ्या पोसल्या आणि त्या प्रथिनांसाठी खाल्ल्या. म्हणजे ज्यांनी ज्यांनी दार खरोखर बंद केले, त्यांना काडाचा विचार आधी करावा लागला. ज्यांनी फक्त चित्र काढले, त्यांना तो करावा लागला नाही.

आता पुस्तकातल्या एका वाक्याशी आमचा थेट मतभेद आहे, तो नोंदवतो. १९७४ च्या लेखातही हा मुद्दा आहे. निवडक, निर्जंतुक बियाणे वापरले की कीटकनाशके लागणारच नाहीत, आणि एखादा कप्पा दूषित झालाच तर तो तापवून पुन्हा निर्जंतुक करणे अवघड नाही, असे ओ'नील म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञाच्या मनात शेत हे एक स्वच्छ भांडे आहे, आणि भांडे घासता येते. पण सोयाबीन लावणारा आपला शेतकरी बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळतो. मुळांवर गाठी येण्यासाठी, हवेतला नायट्रोजन बांधला जाण्यासाठी त्याला तो जिवाणू हवाच असतो. कप्पा तापवला की चोराबरोबर राखणदारही मरतो. मग खत यंत्रातून यायला हवे. असे करता येते, मातीविना पाण्यात पिके घेता येतात, आम्ही ते नाकारत नाही. पण तसे ठरवले तर पुस्तकाने ते सांगायला हवे होते. तापवलेला कप्पा पुन्हा पिकाला येईपर्यंत लोकांनी काय खायचे, म्हणजे किती धान्य कोठारात हवे, हा आकडाही ठळकपणे द्यायला हवा होता. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या वाड्यात बळद असे. तिकडे प्रचंड आरशांची चर्चा होते आणि बळदाची होत नाही, हे थोडे विचित्र वाटते.

बंद जागेतला शत्रू नेहमी किडा किंवा बुरशी असतो असेही नाही. १९९६-९७ मध्ये रशियाच्या 'मीर' स्थानकावर ठेंगण्या गव्हाचे पीक घेतले गेले. रोपे छान वाढली, सुमारे २८० ओंब्या लागल्या. पृथ्वीवर आणून पाहिल्या तर एकाही ओंबीत दाणा नव्हता! पहिला संशय अर्थातच गुरुत्वाकर्षणाच्या अभावावर गेला. पण दोष निघाला एथिलीन वायूचा. स्थानकाच्या हवेत तो दशलक्ष भागांत एक-दोन भाग साठला होता आणि तेवढ्याने परागकण वांझ झाले. आंब्याची अढी घालताना आपण ज्या वायूला कोंडून ठेवतो, तोच हा. आंबा पिकवतो आणि गहू बुडवतो. पुढे १९९८-९९ मध्ये 'अपोजी' ही बगबी यांनी तयार केलेली जात तिथे लावली आणि पाचशेहून अधिक दाणे मिळाले. उघड्या शेतात वारा हे काम फुकट करतो.

मातीबद्दलही एक गोष्ट पुस्तकात कमी वजनाने येते. वसाहत बांधायला माल चंद्रावरून आणायचा. त्यात ऑक्सिजन भरपूर आहे, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड आहे. पण पिकाला जे लागते तेच, म्हणजे कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन, चंद्राच्या मातीत जवळजवळ नाही. हे ओ'नील यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिले आहे : हायड्रोजन पृथ्वीवरून न्यायचा आणि पुढे लघुग्रहांकडे वळायचे. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रमातीत मोहरीच्या कुळातले एक छोटे रोप उगवले. सगळ्या बिया रुजल्या, पण रोपे खुरटली. म्हणजे चंद्राची माती भिंतीला आणि ढालीला उत्तम, रानाला नाही.

आज प्रत्यक्ष कक्षेत काय पिकते? ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेली लाल लेट्यूसची पाने अधिकृतपणे खाल्ली. आपल्या 'इस्रो'ने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पीएसएलव्ही-सी६० बरोबर पाठवलेल्या छोट्या पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना कोंब आले आणि पानेही फुटली. या बातम्या आनंदाच्या आहेत, वर्गात जरूर सांगाव्यात. पण कक्षेत पिकते ते अजून तोंडी लावण्यापुरते, जेवण पृथ्वीवरूनच जाते. हेही त्याच दमात सांगावे.

मग हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे का? वाचावे. ओ'नील १९९२ मध्ये वारले. त्यांच्यानंतर इतक्या धिटाईने आकडेमोड करत स्वप्न पाहणारे फार थोडे लेखक झाले. वसाहतीतल्या काल्पनिक रहिवाशांची पत्रे त्यात आहेत, ती बाजूला ठेवली तरी चालतील. अहवालातली पिकांची आणि जनावरांची आकडेवारी मात्र झेरॉक्स काढून घेण्यासारखी आहे. आठवी-नववीच्या मुलांना ते तक्ते द्यावेत आणि विचारावे की यात कोणते रकाने नाहीत. एका रकान्याचे नाव मुले लगेच सांगतात : शेण. दीड हजार गुरे म्हटल्यावर खेड्यातल्या मुलाला दुसरे काय आठवणार?

जोडीला एक साधा प्रयोग. झाकणाच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. एकीत मूठभर काड पाण्याने ओले करून, त्यात चमचाभर बागेतली माती मिसळून घालावे. दुसरीत तेवढेच कोरडे काड, मातीशिवाय. दोन्हींत चुन्याच्या ताज्या निवळीची एकेक वाटी अलगद ठेवावी आणि झाकणे घट्ट लावून ती मेणाने बंद करावीत. आत कोंडलेल्या हवेमुळे थोडी पुटी दोन्ही वाट्यांवर येईल. पुढच्या काही दिवसांत ओल्या काडाच्या बरणीतली निवळी दाट पांढरी होत जाते. मुलांना विचारावे की बरणीतल्या ऑक्सिजनाचे काय झाले असेल, आणि 'बायोस्फिअर-२' मधले काँक्रीट या बरणीत कोणते. वाटीकडे बोट जायला फार वेळ लागत नाही. ओल्या काडाची बरणी उघडताना खिडकीजवळ उघडावी, वास येतो.